सावली एक, शब्द दोन : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांतली तक्रार सारखीच आहे. दोन इंग्रजी शब्दांना मराठीत एकच प्रतिशब्द मिळतो, शाळेच्या गाइडमध्येही तोच छापलेला असतो, आणि प्रत्यक्ष लिहायला बसले की त्यांतला एक बरोबर ठरतो व दुसरा चुकतो. हा दोष कोशांचा नाही. मोल्सवर्थ आणि पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे काम पाहणारे मेजर टॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला, तेव्हापासून आपल्याला उत्तम कोश मिळत आले आहेत. परंतु एखादा शब्द कोणाच्या शेजारी बसतो, कोणाच्या तोंडी शोभतो आणि कोणत्या प्रसंगी बोचतो, हे कोशाच्या एका ओळीत मावत नाही. माझा अनुभव असा, की गाइडने दिलेला प्रतिशब्द क्षणभर बाजूला ठेवला, तर हवा असलेला फरक पुष्कळदा आपल्याच भाषेत, पण दुसऱ्या एखाद्या शब्दात किंवा म्हणण्याच्या रीतीत, सापडतो. पुढची उत्तरे त्याच वाटेने शोधली आहेत.

बिबवेवाडी येथील एका वाचक भगिनींचा प्रश्न : माझ्या आठवीतल्या मुलीने निबंधात ‘वाटसरू झाडाच्या शॅडोमध्ये बसले’ अशा अर्थाचे वाक्य लिहिले आणि बाईंनी ‘शॅडो’ खोडून ‘शेड’ केले. गाइडमध्ये दोन्हींचा अर्थ ‘सावली’ असाच आहे. मग तिची चूक कोणती?

उत्तर : बाईंची दुरुस्ती योग्य आहे, आणि मुलीची चूकही अगदी स्वाभाविक आहे, कारण मराठीत ‘सावली’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. गच्चीवर दोरीला साडी वाळत घातलेली असते तेव्हा फरशीवर तिची सावली पडते. वारा आला की ती हलते, आणि ऊन लख्ख असेल तर तिची कडही स्पष्ट दिसते. ही ‘शॅडो’. थोड्या वेळाने शेजारचे मांजर येते आणि नेमके त्याच जागी पाय पसरून झोपते. त्याला साडीच्या आकाराशी काही कर्तव्य नसते, त्याला उन्हापासून सुटका हवी असते. त्याच्या दृष्टीने ती ‘शेड’. एखाद्या वस्तूने प्रकाश अडवल्यामुळे उमटलेली आकृती म्हणजे ‘शॅडो’, आणि ऊन न पोहोचणारी गारव्याची जागा म्हणजे ‘शेड’. म्हणूनच या अर्थाने ‘शॅडो’ मोजता येते, एक, दोन, चार. ‘शेड’ मोजत नाहीत. माणसाची ‘शॅडो’ असते, माणसाची ‘शेड’ नसते. वाटसरू झाडाखाली विसावा घ्यायला बसले होते, त्यामुळे तेथे ‘इन द शेड’ हेच हवे.

हा फरक भूगोलाच्या पुस्तकातही भेटतो. सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे आले की पाऊस झपाट्याने कमी होतो. आपल्याच जिल्ह्यातल्या दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांना आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो, आणि इंग्रजीत त्याला ‘रेन शॅडो’ म्हणतात, ‘रेन शेड’ नव्हे. येथे विसाव्याचा प्रश्नच नाही; डोंगराने ढगांतले पाणी अडवले आणि त्या अडवण्याचा ठसा पलीकडच्या जमिनीवर उमटला. चंद्रग्रहणात चंद्रावर पडते तीही पृथ्वीची ‘शॅडो’च.

या दोन शब्दांचे मूळ मराठी माणसाला विशेष जवळचे वाटावे असे आहे. जुन्या इंग्रजीत हा एकच शब्द होता आणि आपल्या नामांप्रमाणे तो विभक्तीनुसार बदलत असे. आपण ‘घोडा’ म्हणतो, पण प्रत्यय लागताना ‘घोड्या’ हे सामान्यरूप होते, तसेच. त्या शब्दाच्या प्रथमेच्या रूपातून ‘शेड’ आला आणि सामान्यरूपातून ‘शॅडो’. पुढे इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झडून गेले, दोन रूपे मात्र दोन स्वतंत्र शब्द म्हणून उरली, आणि भाषेने त्यांना वेगवेगळी कामे वाटून दिली. उद्या मराठीत ‘घोडा’ आणि ‘घोड्या’ यांचे दोन निराळे अर्थ झाले तर जसे होईल, तसे हे आहे.

आता एक सावधगिरीची सूचना, कारण या शब्दामुळे झालेला एक गैरसमज मी जवळून पाहिला आहे. एका विद्यार्थ्याने आपल्या गुरुजींच्या गौरवपर लेखात, ‘मी त्यांच्या छायेत वाढलो’ हे कृतज्ञतेचे वाक्य इंग्रजीत शब्दशः नेले आणि ‘इन हिज शॅडो’ असे लिहिले. मराठीत छाया म्हणजे आधार. आपण छत्रछाया म्हणतो, वडिलांची छाया हरपली असे म्हणतो. इंग्रजीत ‘इन हिज शॅडो’ याचा अर्थ अगदी उलट होतो: त्यांच्या मोठेपणापुढे मी झाकोळून गेलो, मला माझी ओळख मिळाली नाही. गौरवाच्या जागी गाऱ्हाणे छापले गेले. त्याला हवा असलेला भाव ‘अंडर हिज विंग’ या शब्दांत आहे, आणि तो आपल्या ‘पंखाखाली घेणे’ याच्याशी जुळणारा आहे.

कर्वेनगर येथील एका तरुण वाचकाचा प्रश्न : नोकरीनिमित्त मी जळगावहून पुण्यात आलो आणि एक लहान फ्लॅट भाड्याने घेतला. इमारतीवर ‘टू लेट’ अशी पाटी होती, एजंट ‘रेंट’ म्हणत होता, ऑफिसातले सहकारी ‘लीज’ म्हणतात, आणि मी सही केली त्या करारावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ असे लिहिले आहे. एका मित्राच्या मते तो शब्द ‘लिव्ह’, म्हणजे राहणे, असा आहे. मला ‘लीव्ह’ म्हणजे सोडणे एवढेच ठाऊक आहे. राहायला जाताना घर सोडण्याचा करार कशासाठी?

उत्तर : आपला प्रश्न पुण्यात हजारो लोकांना पडत असेल, कारण या करारावर सही करणारे पुष्कळ असतात आणि त्याच्या नावाकडे थांबून पाहणारे थोडे. येथला ‘लीव्ह’ म्हणजे राहणे नव्हे आणि सोडणेही नव्हे. त्याचा अर्थ आहे परवानगी. सोडून जाणे या अर्थाचे क्रियापद आणि परवानगी या अर्थाचे नाम हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. काळाच्या ओघात त्यांचे रूप एक झाले. ‘बाय युअर लीव्ह’ म्हणजे आपल्या परवानगीने. ऑफिसातून आपण जी ‘लीव्ह’ घेतो ती मुळात ‘लीव्ह ऑफ अ‍ॅब्सेन्स’, म्हणजे गैरहजर राहण्याची परवानगी.

आता ‘लीव्ह’साठी आपण मराठीत कोणता शब्द वापरतो ते पाहावे. रजा. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थही संमती, परवानगी असाच आहे. निरोप घेताना जुनी माणसे ‘आता आपली रजा घेतो’ असे म्हणतात, तेव्हा ती सुट्टी मागत नसतात, जाण्याची परवानगी मागत असतात. ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ हे शब्द याच कुळातले. इंग्रजीतला ‘लीव्ह’ आणि मराठीतला ‘रजा’ यांचा एकमेकांशी काही नातेसंबंध नसताना, दोघेही परवानगीपासून निघाले आणि सुट्टीपर्यंत एकाच वाटेने चालत आले, हे मला फार सुंदर वाटते. आपल्या करारातला ‘लीव्ह’ या वाटेवर पुढे न सरकता पहिल्याच मुक्कामी राहिला आहे, एवढेच.

मग शेजारी ‘लायसन्स’ कशाला, त्याचाही अर्थ परवानगीच ना? होय, तोच. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तेथे राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली आणि न्यायालयांत ती दीर्घकाळ टिकली; खटल्यातले बोलणे इंग्रजीत व्हावे असा कायदा १३६२ साली करावा लागला. या काळात कायद्याच्या भाषेत देशी शब्द आणि त्याच अर्थाचा फ्रेंच-लॅटिन शब्द जोडीने लिहिण्याची रीत रुजली. ‘विल अँड टेस्टमेंट’ ही तशी जोडी, ‘लीव्ह अँड लायसन्स’ हीदेखील तशीच. दुसऱ्याच्या जागेत शिरल्याचा आरोप आला की ‘मला मालकाची लीव्ह अँड लायसन्स होती’ असा बचाव इंग्लंडच्या न्यायालयांत केला जात असे. आपल्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. फारसी अंमलाखाली मराठीनेही याच पद्धतीने जोड्या जमवल्या. ‘कागदपत्र’मधला कागद फारसीकडून आणि पत्र संस्कृतातून आले, ‘धनदौलत’मधले धन संस्कृत आणि दौलत अरबी, ‘बाजारहाट’मध्ये बाजार फारसी आणि हाट आपला. एका भाषेत बोललेले दुसऱ्या भाषेच्या माणसालाही कळावे, अशी ती सोय होती.

‘लीज’ आणि ‘लायसन्स’ यांतला फरक मात्र नुसता शब्दाचा नाही, हक्काचा आहे. ‘लीज’ म्हणजे भाडेपट्टा, आणि त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. त्यात जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच ठरावीक काळापुरता दुसऱ्याकडे जातो. ‘लायसन्स’ची व्याख्या त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात आहे. त्यात जागेवर कोणताही हक्क निर्माण होत नाही; एरवी जे बेकायदा ठरले असते, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत जाऊन राहणे, त्याला मालकाची परवानगी मिळते, इतकेच. म्हणून आपल्या करारात मालक आणि भाडेकरू यांऐवजी परवानगी देणारा आणि घेणारा, ‘लायसेन्सर’ आणि ‘लायसेन्सी’, असे शब्द आढळतील. केवळ वर नाव काय लिहिले यावर हा प्रश्न सुटत नाही, कराराचा खरा आशय पाहावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली एका हॉटेलच्या जागेसंबंधीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. असा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी व्हायला हवी, असे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते. तेव्हा सहकारी ‘लीज’ म्हणत असतील तर गप्पांत चालेल, कागदावर लिहू नये.

राहिले ‘लेट’, ‘रेंट’ आणि ‘हायर’. मराठीत ‘भाड्याने’ हा शब्द स्थिर राहतो आणि देणे-घेणे या क्रियापदांनी दिशा कळते. इंग्रजीत ही दिशा शब्दातच असते. ‘लेट’ म्हणजे भाड्याने देणे. घेणारा कधीही ‘लेट’ करत नाही. ‘रेंट’ दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणून संदिग्धता नको असेल तर देणाऱ्यासाठी ‘रेंट आउट’ म्हणतात. ‘हायर’ हा ब्रिटिश इंग्रजीत थोड्या वेळापुरत्या घेतलेल्या वस्तूंसाठी आहे: मुंजीसाठी एका दिवसाचे कार्यालय, लग्नाच्या वरातीची गाडी, किंवा पूर्वी पुण्यात चौकाचौकात तासावर मिळणारी सायकल. अमेरिकी इंग्रजीत यांतल्या बहुतेक ठिकाणी ‘रेंट’च चालतो आणि ‘हायर’ मुख्यतः माणूस कामावर ठेवण्यासाठी राहतो. आपल्याकडे दोन्ही प्रथा मिसळल्या आहेत. माझे मत असे, की घरासाठी ‘हायर’ कटाक्षाने टाळावा. बाकी ठिकाणी फार अडून बसू नये.

सहकारनगर येथील एका सोसायटीच्या सचिवांचा प्रश्न : पाण्याची टाकी धुण्याच्या दिवसाची सूचना लावायची आमच्याकडून राहून गेली आणि सकाळी सर्वांची गैरसोय झाली. नंतर मी इंग्रजीत सूचना लावली आणि झालेल्या गैरसोयीबद्दल ‘वी रिग्रेट’ असे लिहिले. एका ज्येष्ठ सभासदांनी ‘अपॉलोजाइज’ असे लिहायला हवे होते म्हणून हरकत घेतली. दोन्हींत खरोखरच फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि आपल्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे रास्त आहे. मराठीत ‘दिलगिरी व्यक्त केली’ आणि ‘माफी मागितली’ या दोन बातम्या आपण सारख्या वाचत नाही. दिलगिरी व्यक्त करणारा म्हणतो की घडले ते वाईट घडले. माफी मागणारा म्हणतो की ते माझ्या हातून घडले. ‘दिलगीर’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थच खिन्न, उदास असा आहे, त्यात कबुली नाही. ‘रिग्रेट’ आणि ‘अपॉलोजाइज’ यांच्यामध्ये हीच भिंत आहे. महापालिकेने जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवले आणि आपण सभासदांना ते कळवले, तर तेथे ‘रिग्रेट’ योग्य, कारण ते बंद आपल्या हातात नव्हते. सूचना लावायची राहिली हे सोसायटीच्या कार्यालयाच्या हातातले होते, म्हणून तेथे ‘अपॉलोजाइज’ हवे. दुसऱ्याची गैरसोय आपल्या चुकीने झाली असताना ‘रिग्रेट’ लिहिले की वाचणाऱ्याला जबाबदारी झटकल्यासारखे वाटते, आणि शब्द सभ्य असूनही मन दुखावते.

‘अपॉलोजी’ या शब्दाचा प्रवास मात्र उलट्या दिशेचा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ न्यायासनापुढे केलेले बचावाचे भाषण असा होता. सॉक्रेटिसने अथेन्समध्ये केलेल्या भाषणाला ते नाव आहे, आणि त्यात तो माफी तर अजिबात मागत नाही. बचावापासून निघालेला शब्द कबुलीपर्यंत आला, असे या शब्दाबाबत घडले.

‘सॉरी’ या दोन्हींपेक्षा व्यापक आहे. तो ‘सॉरो’ या शब्दापासून आला असे पुष्कळांना वाटते, पण त्याचे खरे नाते दुखरा या अर्थाच्या ‘सोर’ या शब्दाशी आहे. ‘सोर थ्रोट’मधला तोच. त्यामुळे ‘सॉरी’मध्ये आधी दुखणे आहे, माफी नंतर आली. कोणाच्या घरी दुःखद घटना घडल्यावर इंग्रजीत ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणतात, तेव्हा आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना ‘यात तुमची काय चूक?’ असे वाटते. तेथे त्याचा अर्थ ‘ऐकून फार वाईट वाटले’ एवढाच असतो. बसमध्ये पुढे सरकण्यासाठी वाट मागायची असेल तर ‘एक्स्क्यूज मी’, आणि सरकताना पायावर पाय पडला तर ‘सॉरी’. पहिला शब्द आधीचा, दुसरा नंतरचा.

सिंहगड रस्ता येथील एका गृहउद्योजिकेचा प्रश्न : मी घरी गोडा मसाला आणि भाजणी तयार करून विकते. पाकिटावर इंग्रजीत मसाल्याच्या वासाबद्दल एक ओळ छापायची आहे. ‘स्मेल’, ‘फ्रेग्रन्स’ की ‘अरोमा’? आणि आमच्याकडे आंबेमोहोर तांदूळही असतो, त्यासाठी हाच शब्द चालेल का?

उत्तर : मसाल्यासाठी ‘अरोमा’. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच मसाल्याचा पदार्थ असा होता, त्यामुळे आपल्या पाकिटावर तो आपल्या मूळ घरी परत येईल. ‘अरोमा’ मुख्यतः भाजलेल्या, शिजलेल्या, दळलेल्या, खाण्यापिण्याच्या वस्तूंचा: कॉफीचा, तव्यावर परतलेल्या दगडफुलाचा आणि खोबऱ्याचा. ‘फ्रेग्रन्स’ फुलांचा, उदबत्तीचा, साबणाचा. मसाल्याच्या पाकिटावर ‘फ्रेग्रन्स’ वाचून ग्राहकाच्या मनात अंघोळीचा साबण येण्याचा संभव आहे. मात्र ‘फ्रेग्रंट’ हे विशेषण तांदळाला उत्तम शोभते, कारण तेथे वास नाजूक, फुलासारखाच असतो. आंबेमोहोराला तर आंब्याच्या मोहोरावरूनच नाव मिळाले आहे, तेव्हा त्या पाकिटावर ‘फ्रेग्रंट राइस’ असे अवश्य छापावे.

‘स्मेल’ टाळावा, आणि त्याचे कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ‘या भाजीला वास येतोय’ असे कोणी म्हटले की आपण ती भाजी बाजूला करतो. ‘वास’ हा शब्द एरवी तटस्थ. पण विशेषण न लावता नुसता आला की वाईटच अर्थ घेतला जातो. ‘इट स्मेल्स’ या दोन शब्दांचेही तसेच आहे. ‘ओडर’ प्रयोगशाळेच्या आणि गटारीच्या चर्चेतला शब्द, विक्रीच्या पाकिटावर त्याला जागा नाही. ‘सेंट’ आपण अत्तराच्या बाटलीसाठी वापरतो, पण इंग्रजीत तो हलका सुगंधही आहे आणि कुत्रा ज्याचा माग काढतो तो जनावराचा वासही.

खरे सांगायचे तर या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. मोगऱ्याचा दरवळ, साजूक तुपाचा घमघमाट, ओल्या भिंतीचा कुबट वास, जुन्या तेलाचा खवट वास, तळाला लागलेल्या दुधाचा करपट वास, औषधाचा उग्र दर्प. यांतल्या ‘खवट’ला ‘रॅन्सिड’ आणि ‘कुबट’ला ‘मस्टी’ हे चांगले जोडीदार आहेत. ‘खमंग’ला मात्र एका शब्दात उत्तर मला आजवर मिळालेले नाही, कारण त्यात भाजणे, वास आणि चव तिन्ही एकत्र आहेत. आपल्या भाजणीसाठी ‘फ्रेशली रोस्टेड अरोमा’ असे लिहून त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे, आणि ‘खमंग’ हा शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरांत शेजारी ठेवावा.

शनिवार पेठ येथील एका वाचकाचा प्रश्न : मी पाहुण्यांना जुने पुणे पायी फिरून दाखवतो. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ यांतला कोणता शब्द केव्हा वापरावा?

उत्तर : इतिहासात ज्याचे महत्त्व आहे ते ‘हिस्टॉरिक’, आणि ज्याचा संबंध भूतकाळाशी किंवा इतिहासाच्या अभ्यासाशी आहे ते ‘हिस्टॉरिकल’. १७३० साली पाया घातलेला आणि १८२८ च्या आगीत बराचसा नष्ट झालेला शनिवारवाडा ही ‘हिस्टॉरिक’ वास्तू. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, ती ‘हिस्टॉरिक’ घटना. पेशवे दफ्तरातली एखादी तूप-तांदळाच्या खर्चाची यादी मात्र ‘हिस्टॉरिकल’ कागद आहे; अभ्यासकाला ती मोलाची आहे, पण तिने काळाला वळण दिले नाही. मराठीत आपण दोन्हींना ऐतिहासिक म्हणतो, आणि जेथे फरक दाखवायचा असतो तेथे ‘इतिहासकालीन’ म्हणून वेगळे काढतो. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे आर्थिक आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे, ही जोडीही याच प्रकारची असून तिच्यात चूक झाली तर अर्थ फारच बदलतो.

एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा प्रश्न : ‘मी फर्ग्युसनमध्ये शिकते’ यासाठी ‘लर्न’ का चालत नाही?

उत्तर : कारण ‘लर्न’मध्ये ज्ञान किंवा कौशल्य प्रत्यक्ष हाती येते, आणि ‘स्टडी’मध्ये त्यासाठी केलेला अभ्यास असतो. महाविद्यालयात प्रवेश घेऊन शिकणे म्हणजे ‘स्टडी’. पोहायला, गाडी चालवायला, स्वयंपाक करायला आपण ‘लर्न’ करतो.

निगडी येथील एका निवृत्त वाचक भगिनींचा प्रश्न : आम्ही दोघे मुलीकडे जर्मनीला तीन महिने राहून आलो. फोटो पाहून माझ्या चाळीस वर्षांच्या मैत्रिणीने इंग्रजीत ‘आय अ‍ॅम जेलस’ असा संदेश पाठवला. शब्दकोशात ‘जेलस’ म्हणजे मत्सरी असे पाहून मला वाईट वाटले. तिने ‘एन्व्ही’ म्हटले असते तर ते सौम्य झाले असते का? आणि मी तिला काय उत्तर द्यावे?

उत्तर : आपण वाईट वाटून घेऊ नये. आजच्या बोलण्यातला ‘आय अ‍ॅम जेलस’ हा आपल्या ‘बाई, तुझा हेवा वाटतो गं’ याच्याच तोलाचा आहे. मराठीत हेवा आणि मत्सर यांत मोठे अंतर आहे: हेवा तोंडावर बोलून दाखवता येतो आणि त्यात कौतुकही मिसळलेले असते, मत्सर षड्रिपूंपैकी एक, तो कोणी बोलून दाखवत नाही. मैत्रिणीने आपल्याला लिहून कळवले, यातच तो मत्सर नसल्याचा पुरावा आहे.

काटेकोर लिखाणात या दोन शब्दांचे क्षेत्र वेगळे आहे. ‘एन्व्ही’मध्ये दोघे असतात, एकाकडे काही आहे आणि दुसऱ्याला ते हवे आहे. ‘जेलसी’मध्ये तिघे असतात, जे आपले आहे ते तिसरा कोणी हिरावून नेईल ही भीती असते. यासाठी मराठीत ‘सवतीमत्सर’ असा नेमका शब्द आहे, आणि त्यातली तिघे कोण हे सांगावे लागत नाही. ‘एन्व्ही’च्या मुळाशी वाईट नजरेने पाहणे या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आपण ‘डोळ्यांत खुपणे’ म्हणतो आणि नजर लागू नये म्हणून दृष्ट काढतो, त्याच समजुतीतला. तेव्हा मूळ पाहिले तर ‘एन्व्ही’ अधिक सौम्य होता असे नाही. ‘जेलस’चे मूळ मात्र उत्कट ओढ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, ‘झील’ हा शब्दही त्यातूनच आला. म्हणून जिवापाड जपलेल्या घराण्याच्या बंदिशीबद्दल किंवा आजीच्या लोणच्याच्या कृतीबद्दल ‘जेलसली गार्डेड’ असे म्हणतात, आणि त्यात निंदा मुळीच नसते.

उत्तर मराठीतच द्यावे. चाळीस वर्षांची मैत्री आहे, तेव्हा पुढच्या वेळी दोघी मिळून जाऊ असे लिहावे, आणि फोटो दाखवण्याच्या निमित्ताने तिला एखाद्या दुपारी घरी बोलवावे.